निगडीच्या रस्त्यावर जोड कुटुंब

अभिजात कादंबरीची एक खूण अशी की, तिच्या भूमीवर ज्याने कधी पाऊल ठेवले नाही अशा वाचकालाही ती आपल्या गावची वाटू लागते. तिची दुसरी खूण पहिलीइतकी सुखद नाही. वाचक एकदा तिच्यात रमला की ती त्याला हळूहळू अडचणीत आणते. ज्या पात्रांवर त्याने जीव लावला, त्यांच्या समोरच्या बाजूला तो स्वतःच उभा आहे, हे ती त्याच्या ध्यानी आणून देते. जॉन स्टाइनबेक या अमेरिकन लेखकाची ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ ही कादंबरी या जातीची आहे. १९३९ च्या एप्रिल महिन्यात ती प्रसिद्ध झाली, १९४० साली तिला पुलित्झर पारितोषिक लाभले, आणि १९६२ साली स्टाइनबेक यांना नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हाही त्यांच्या कीर्तीचा मुख्य आधार हीच कादंबरी होती.

इंग्रजी साहित्याचा विशेष अभ्यास करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना अशा कादंबऱ्यांतील प्रतीकांवर टिपणे लिहावी लागतात. कासव म्हणजे चिकाटी, ट्रॅक्टर म्हणजे यंत्रयुगाची निर्दयता, द्राक्षे म्हणजे आधी आशा व मग क्रोध, असा कोष्टकासारखा हिशेब मांडला की गुण मिळतात. त्यात चूक काही नाही. पण अशा टिपणांमुळे प्रतीक हे एक कोडे आहे आणि त्याचे उत्तर सापडले की काम संपले, असा समज दृढ होतो. स्टाइनबेक यांच्या प्रतीकांचा स्वभाव तसा नाही. त्यांची धूळ आधी धूळ आहे, ती डोळ्यांत जाते. त्यांचा रस्ता आधी रस्ता आहे, त्यावर टायर फुटतात. राबणाऱ्या माणसाच्या हाताखालून ज्या वस्तू गेल्या, त्यांनाच या लेखकाने अर्थ दिला. म्हणूनच जुन्या पुणे-मुंबई रस्त्यावरच्या निगडीत बसून हे पुस्तक वाचताना त्यातील वस्तू ओळखीच्या वाटतात. आजची निगडी पोट घेऊन निघालेल्या असंख्य कुटुंबांनी वसवली आहे. त्या कुटुंबांची दुसरी-तिसरी पिढी आज या कादंबरीत नेमकी कोठे उभी आहे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

धूळ आणि राक्षस

कथा थोडक्यात अशी. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या मध्य भागात अवर्षण पडले, जमिनीचा वरचा थर वाऱ्याबरोबर उडू लागला, आणि त्यातच देशभर आर्थिक मंदी होती. ओक्लाहोमा राज्यात सॅलिसॉ गावाजवळ जमीन कसणारे जोड कुटुंब कर्जापायी आधी मालकाचे कूळ झाले होते. आता कूळ म्हणूनही त्यांना राहता येईना. थोरल्यांपैकी टॉम हा मुलगा तुरुंगातून सुटून घरी येतो तेव्हा घर मोडलेले असते. एक जुनी मोटार कापून तिचा ट्रक केला जातो, आणि धर्मोपदेश सोडून दिलेला केसी नावाचा माणूस धरून तेरा जण त्यावर बसून कॅलिफोर्नियाकडे निघतात. मराठी कानाला ‘जोड’ हे आडनाव ऐकताच त्याचा आपल्याकडचा अर्थ आठवतो. पण या कुटुंबाची कहाणी सुटत जाण्याची आहे. वाटेत आजोबा मरतात, वाळवंट ओलांडताना आजी मरते, एक मुलगा नदीकाठी वेगळी वाट धरतो, गर्भार मुलीचा नवरा तिला टाकून जातो.

पहिल्याच प्रकरणात धुळीचे वादळ येते. माणसे नाकाला फडकी बांधतात, दारेखिडक्यांच्या फटी बुजवतात, आणि वादळ शमल्यावर पुरुष अंगणात येऊन मेलेल्या मक्याकडे पाहत उभे राहतात. त्या वेळी बायका पिकाकडे पाहत नाहीत. त्या पुरुषांच्या चेहऱ्यांकडे पाहतात. पीक गेले तरी चालेल, माणूस मोडला नाही म्हणजे झाले, असे त्यांच्या मनात असते. १९७२ च्या दुष्काळातून गेलेल्या महाराष्ट्रातील घरांना हे दृश्य समजावून सांगावे लागत नाही. त्या दुष्काळात सरकारी कामांवर खडी फोडणाऱ्यांची संख्या १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे पन्नास लाखांवर गेली होती. त्यांत कालपर्यंत स्वतःच्या बांधावर उभे राहून मजुरांना हाक मारणारे शेतकरीही होते. त्यांच्यापैकी कित्येकांनी पुढे पिंपरी, भोसरी, चिंचवडची वाट धरली.

पाचव्या प्रकरणात ट्रॅक्टर येतो. त्यावर बसलेला माणूस परका नाही, शेजारच्याच शेतकऱ्याचा मुलगा आहे. दिवसाला तीन डॉलर मिळतात म्हणून तो आपल्याच शेजाऱ्यांची घरे पाडायला आला आहे. कुळाच्या हातात बंदूक आहे, पण ती कोणावर रोखायची हे त्याला कळत नाही. ट्रॅक्टरवाल्याला मारले तर उद्या दुसरा येईल. त्याला हुकूम देणाऱ्याला बँकेचा हुकूम आहे. बँकेच्या अध्यक्षाला वरच्या मंडळाचा, आणि त्या मंडळाला दूर पूर्वेकडच्या कोणाचा तरी. बँक ही माणसांहून वेगळी, माणसांनीच निर्माण केलेली पण त्यांच्या हाताबाहेर गेलेली अशी काही वस्तू आहे. तिला लेखक राक्षस म्हणतो. तिला नफ्याची हवा रोज लागते, ती मिळाली नाही की ती मरते.

या राक्षसाचे वैशिष्ट्य आपल्याच इतिहासाशी ताडून पाहिले तर अधिक स्पष्ट होते. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांविरुद्ध उठले, तेव्हा काय जाळायचे हे त्यांना पक्के ठाऊक होते. सावकार गावातलाच होता, कर्जरोखा त्याच्या पेटीत होता; रोखा जळाला की कर्ज जळाले, असा त्यांचा साधा हिशेब होता. पुढे १९२१ साली सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला, तेव्हा समोर टाटांची वीज कंपनी होती. धरण मुळशीत, वीज मुंबईला, भागभांडवल आणखी कोठे. पेटीतला रोखा जाळावा तसे धरण जाळता येत नाही. सुप्यापासून मुळशीपर्यंतच्या शेहेचाळीस वर्षांत आपल्याकडेही शत्रूचा चेहरा पुसट होत गेला होता. स्टाइनबेक यांनी पाचव्या प्रकरणात पकडले आहे ते हे पुसट होणे.

निगडीची गोष्ट यापुढची आहे. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले, पाठोपाठ मोटारींचे व यंत्रांचे मोठे कारखाने उभे राहिले. १९७० साली पिंपरी-चिंचवड नगरपालिका झाली आणि १९७२ साली कामगारांना रास्त दरात घरे मिळावीत या हेतूने नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. त्यासाठी निगडी, आकुर्डी, चिंचवड, मोशी, भोसरी आदी गावांच्या शेतजमिनी संपादित करण्यात आल्या. हेतू चांगला होता, यात शंका नाही. येथे राक्षस कोणीच नव्हता. उलट एक लोककल्याणकारी योजना होती. पण ज्याच्या जमिनीवर क्रमांकाचा सेक्टर आखला गेला, त्या शेतकऱ्याला विचारले असते तर तोही त्या कुळाप्रमाणेच म्हणाला असता की, दाद मागावी कोणाकडे हेच उमगत नाही. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के परताव्याचा प्रश्न त्यानंतर अनेक दशके रेंगाळत राहिला. २०२१ साली प्राधिकरणच विसर्जित झाले. गाऱ्हाणे मात्र उरले.

कासव आणि रस्ता

कादंबरीचे तिसरे प्रकरण जेमतेम दोन-तीन पानांचे आहे आणि त्यात एकही जोड नाही. एक कासव रस्ता ओलांडू पाहते. एक बाई मोटार वळवून त्याला चुकवते; मागून येणारा ट्रकवाला मुद्दाम चाक त्याच्या दिशेने घेतो. कासव भिरकावले जाते, उताणे पडते, पुन्हा सुलटे होते आणि चालू लागते. त्याच्या पायात अडकलेले रानओटाचे एक कणीस रस्त्यापलीकडे गळून पडते, आणि चालता चालता कासवाच्या कवचाने त्या बियांवर माती ओढली जाते. पुढे टॉम त्या कासवाला उचलून कोटात गुंडाळतो, नंतर सोडून देतो. ते पुन्हा नैर्ऋत्येकडेच निघते.

परीक्षेच्या टिपणात हे चिकाटीचे प्रतीक ठरते. परंतु लक्षात घेण्यासारखी गोष्ट ते बी आहे. कासवाला बी पेरायचे नव्हते. आपण काही रुजवतो आहोत याची त्याला जाणीवही नव्हती. स्थलांतर करणारा माणूसही पोटासाठी निघतो, नगर वसवण्यासाठी निघत नाही. पण तो जेथे थांबतो तेथे त्याच्या पायाला चिकटून आलेले काहीतरी रुजते. निगडी, यमुनानगर, आकुर्डीच्या परिसरात मराठवाड्यातील, सोलापुराकडील, खानदेश-विदर्भातील मंडळी आली ती कारखान्यातल्या ‘परमनंट’ नोकरीसाठी किंवा निदान रोजंदारीसाठी. त्यांच्याबरोबर त्यांच्या जत्रा आल्या, भजनी मंडळे आली, जयंत्या आल्या, भाकरीचा आकार आणि चटणीचा तिखटपणा आला. यांतील एकही गोष्ट कोणत्याही विकास आराखड्यात लिहिलेली नव्हती.

रस्त्याचे तेच. शिकागोहून लॉस एंजेलिसला जाणाऱ्या सहासष्ट क्रमांकाच्या महामार्गाला या कादंबरीने पळून निघालेल्यांच्या मूळ रस्त्याचे स्थान दिले. रात्री रस्त्याच्या कडेला वीस कुटुंबे उतरतात आणि त्यांचे एक कुटुंब होते. एकाचे मूल आजारी पडले की सगळे जागतात. एकाने म्हणावे माझी जमीन गेली, दुसऱ्याने म्हणावे माझीही गेली, आणि तेथेच ‘माझी’चे ‘आमची’ व्हावे, हा कादंबरीच्या चौदाव्या प्रकरणाचा गाभा आहे. लेखक म्हणतो त्याचा मथितार्थ असा की, ज्यांच्याजवळ पुष्कळ आहे त्यांनी भ्यायला हवे ते या एका सर्वनामाच्या बदलाला. केसी या पात्राचे सारे चिंतनही याच ठिकाणी येऊन थांबते. त्याच्या नावाची आद्याक्षरे येशू ख्रिस्ताच्या आद्याक्षरांशी जुळतात, आणि मजुरांचा संप घडवताना तो मारला जातो. त्याने देवळातला देव सोडला आहे, पण सगळ्यांचा मिळून एकच मोठा आत्मा असावा ही त्याची समजूत सुटत नाही. वारकरी परंपरेत वाढलेल्या वाचकाला ती परकी वाटू नये.

अण्णाभाऊंची वाट

निगडीच्या चौकात अण्णाभाऊ साठे यांचा पुतळा आहे. दरवर्षी १ ऑगस्टला, त्यांच्या जयंतीस, तेथे मोठी गर्दी लोटते. १९२० साली वाटेगावी जन्मलेल्या या लेखकाचे कुटुंब १९३१ च्या सुमारास पोटासाठी मुंबईला निघाले ते पायी. जवळजवळ त्याच दशकात अमेरिकेत ओक्लाहोमाची माणसे पश्चिमेकडे निघाली होती. पुढे गिरणीत राबलेल्या, घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीत राहून लिहिणाऱ्या या माणसाने १९५९ साली ‘फकिरा’ ही कादंबरी दिली. १९५८ च्या मुंबईतील दलित साहित्य संमेलनात त्यांनी पुराणातल्या शेषाला रजा देऊन पृथ्वीचा भार कष्टकऱ्यांच्या हातांवर असल्याचे सांगितले होते. जेथे कष्टकऱ्यांची दुसरी कोणती खूण क्वचितच उभारली जाते, अशा नगरात त्यांचा पुतळा असणे यथायोग्यच होय.

पण स्टाइनबेक आणि अण्णाभाऊ यांना शेजारी ठेवले की एक महत्त्वाचा भेद दिसतो आणि तो झाकून ठेवणे बरे नाही. जोड कुटुंबाजवळ गमावण्यासारखे काहीतरी होते. आजोबांनी जमीन घेतली, बापाने तणे काढली, मुले तेथे जन्मली. कागद बँकेच्या हाती गेला तरी आठवण त्यांचीच होती. ‘फकिरा’तील माणसांना असा कागद कधी मिळालाच नव्हता. ज्यांना जन्मामुळे गुन्हेगार ठरवणारा कायदा इंग्रजांनी केला, ज्यांची हजेरी घेतली जाई, त्यांच्या वाट्याला गावात राहूनही बेदखल असणे आले होते. जोड रस्त्यावर आले तेव्हा बेघर झाले. अण्णाभाऊंची माणसे घरी असतानाच वेशीबाहेर होती. औद्योगिक पट्ट्यात आलेल्या दलित, भटक्या व भूमिहीन कुटुंबांना शहर हे हद्दपारीचे ठिकाण वाटण्यापेक्षा सुटकेचे ठिकाण वाटले, याचे कारण येथे आहे. कारखान्याच्या फाटकावरचे टाइम-कार्ड, इतर काही विचारो न विचारो, निदान जात विचारत नव्हते. कामावर ‘चिकटवण्या’च्या ओळखी-पाळखीत ती विचारली जाई, ही गोष्ट निराळी. स्टाइनबेक वाचताना गावाविषयी जे हळवेपण दाटून येते त्याला अण्णाभाऊ आवर घालतात. ही दोन पुस्तके एकत्र वाचावीत ती एवढ्याचसाठी.

द्राक्षे

आता शीर्षकाकडे वळू. ते स्टाइनबेक यांच्या पत्नी कॅरोल यांनी सुचवले. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात ज्युलिया वॉर्ड हाउ यांनी रचलेल्या प्रसिद्ध समरगीतातून ते आले, आणि त्या गीतात ते बायबलमधून आले. तेथे ईश्वरी कोपाचा घाणा आहे व त्यात द्राक्षे तुडवली जातात. कादंबरीत द्राक्षे प्रथम येतात ती आजोबांच्या तोंडी. कॅलिफोर्नियाला गेलो की घडच्या घड तोंडावर चिरडीन, रस हनुवटीवरून ओघळू देईन, असे स्वप्न म्हातारा रंगवतो. निघायची वेळ येते तेव्हा मात्र तो जमीन सोडायला तयार होत नाही. त्याला गुंगीचे औषध पाजून ट्रकवर घालावे लागते आणि पहिल्याच मुक्कामी तो मरतो. द्राक्षे त्याच्या तोंडी लागत नाहीत.

ज्या पत्रकांवर विसंबून हे लोक निघाले त्यांचे गणित वाटेत भेटलेला एक माणूस उलगडून सांगतो. मळेवाल्याला आठशे मजूर हवे असतात. तो पाच हजार पत्रके छापतो. हजारो माणसे येऊन पोचतात. मग जो सर्वांत उपाशी असेल तो सर्वांत कमी दरात कामाला तयार होतो, आणि तोच दर सगळ्यांचा होतो. पंचविसाव्या प्रकरणात फळांनी लगडलेल्या बागा आहेत आणि भाव पडू नयेत म्हणून संत्र्यांवर रॉकेल ओतले जात आहे. कुंपणाबाहेर मुले कुपोषणाने मरत आहेत. तेथे द्राक्षांचा दुसरा अर्थ उमलतो: लोकांच्या मनात क्रोधाची द्राक्षे भरत चालली आहेत, तोडणी जवळ आली आहे.

पत्रकांचे हे गणित आपल्या पट्ट्यात आजही चालू आहे, फक्त पत्रक छापावे लागत नाही. भोसरीपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांत एकाच साखळीवर, एकच बोल्ट आवळणारे दोन कामगार असतात. एक कायम, एक कंत्राटी. आणि त्यांच्या पगारात मोठे अंतर असते. कंत्राटी कामगाराने मालकाकडे जावे तर मालक म्हणतो, तू माझा नाहीस, ठेकेदाराचा आहेस. ठेकेदार म्हणतो, वरून दर जेवढा मिळतो तेवढाच मी देणार. वरचा म्हणतो, बाजार. पाचव्या प्रकरणातील कुळाची बंदूक येथेही कोणावर रोखता येत नाही. कारखाने चालायचे तर मालाला भाव परवडला पाहिजे, हे कोणीही नाकारणार नाही. पण परवडण्याचा सगळा भार एकाच टोकाच्या माणसावर का पडावा, या प्रश्नाचे उत्तर ‘बाजार’ या एका शब्दाने होत नाही.

कॅलिफोर्निया कोठे आहे?

येथवर वाचणारा निगडीकर निश्चिंत असतो. जोड म्हणजे आपणच, अशी त्याची खात्री पटलेली असते, आणि ती खोटी नाही. आपले वडील वळकटी घेऊन आले, चाळीतल्या एका खोलीत सहा जण राहिले, तिन्ही पाळ्यांत राबले, मग प्राधिकरणात घर झाले, मुले शिकली. पण एकोणिसाव्या प्रकरणात लेखक कॅलिफोर्नियाकडे वळतो आणि सांगतो की, ही भूमी एकेकाळी मेक्सिकोची होती. भुकेलेले अमेरिकन तेथे घुसले, त्यांनी जमिनी बळकावल्या, आणि काही काळाने ते स्वतःस मालक समजू लागले. मालक झाल्यावर त्यांना पहिल्यांदा भीती वाटू लागली ती नव्याने येणाऱ्या भुकेलेल्यांची. त्यांनी त्यांना ‘ओकी’ असे नाव ठेवले. मूळ शब्दाचा अर्थ ओक्लाहोमाचा रहिवासी एवढाच; पुढे तो घाणेरडा, अडाणी, चोरटा अशा अर्थाची शिवी झाला. कॅलिफोर्नियातील ज्या कर्न परगण्यात जोड कुटुंब पोचते, तेथील अधिकाऱ्यांनी ऑगस्ट १९३९ मध्ये या कादंबरीवर ग्रंथालयांत व शाळांत बंदी घातली. आरसा दाखवल्याचा राग त्यात होता.

आता आपण आपल्या बोलण्याकडे लक्ष देऊ. बिहार, उत्तर प्रदेश, झारखंड, ओडिशा येथून किंवा आपल्याच नांदेड-परभणीकडून आलेल्या मुलांविषयी आपल्या सोसायटीच्या सभेत, बसथांब्यावर, शिक्षकांच्या खोलीत आपण काय बोलतो? यांच्यामुळे भाडी वाढली, यांच्यामुळे पाणी पुरत नाही, हे राहतात कसे पाहा, चोऱ्या वाढल्या. हे शब्द चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी कोणीतरी आपल्या वडिलांविषयीही उच्चारले होते. आणि ज्याची जमीन प्राधिकरणात गेली त्या मूळ निगडीकराच्या दृष्टीने तर आपण सगळेच नंतरचे. या पट्ट्यातील रांग मोठी आहे. प्रत्येक जण आपल्या मागे उभा असलेल्याला उपरा म्हणतो.

पाण्याची गोष्ट याहून कठीण आहे. ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळात, पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर बऊर येथे, शेतकऱ्यांच्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला. तिघांचा बळी गेला. त्यांत एक स्त्री होती. पवना धरणाचे पाणी बंद जलवाहिनीने पिंपरी-चिंचवडला आणण्याच्या योजनेला त्या शेतकऱ्यांचा विरोध होता, आणि ती जलवाहिनी निगडीच्या जलशुद्धीकरण केंद्रापर्यंत यायची होती. लाखो माणसांच्या नगराला पाणी लागते, हे खरे. नदीपात्रातून वाहून येणाऱ्या पाण्यावर काठची शेती जगते, हेही खरे. या दोन खऱ्या गोष्टींचा निवाडा येथे करण्याचा प्रस्तुत लेखकाचा अधिकार नाही. एवढेच म्हणायचे की, त्या दिवशी मावळातील शेतकऱ्याने बंदूक कोणावर रोखावी असे स्वतःला विचारले असते, तर साखळीच्या शेवटी त्याला निगडीतील आपले नळ दिसले असते. राक्षसाला चेहरा नसतो असे स्टाइनबेक म्हणतात. त्याला पुष्कळ लहान लहान, निरुपद्रवी, पापभीरू चेहरे असतात आणि त्यांपैकी एक आपला असतो, ही पुरवणी त्यांच्या एकोणिसाव्या प्रकरणातून आपली आपण जोडायची आहे.

शेवटचे दृश्य

कादंबरीच्या अखेरीस पूर येतो. जोडांच्या मुलीला, रोझ ऑफ शॅरनला, मृत मूल होते. काका ते फळांच्या खोक्यात घालून पाण्यावर सोडून देतो, म्हणजे खालच्या गावांना ते दिसेल. उरलेली माणसे एका कोठारात आसरा घेतात. तेथे स्वतःचा घास मुलाला देऊन उपासमारीने मरणपंथाला लागलेला एक अनोळखी मनुष्य पडला आहे. आई मुलीकडे पाहते, मुलगी आईकडे. बाकीचे बाहेर जातात, आणि ती मुलगी आपल्या बाळासाठी आलेले दूध त्या परक्याला पाजते. प्रकाशकाला हा शेवट फार अनपेक्षित वाटला. तो माणूस आधीपासून ओळखीचा असावा, असे त्याने सुचवले. स्टाइनबेक यांनी नकार दिला. तो परका आहे, यातच त्या दृश्याचे सारे मोल आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

या दृश्यावर भडकपणाचा आरोप अनेकांनी केला आहे, आणि त्यात तथ्य नाही असेही नाही. तरीही सर्व प्रतीकांच्या शेवटी लेखकाने यंत्र, संप किंवा बंदूक ठेवली नाही, ओळख न विचारता दिलेला एक घोट ठेवला, हे विसरता येत नाही. क्रोधाची द्राक्षे भरून आलेल्या पुस्तकाचा शेवट दुधावर होतो.

आषाढी वारीत देहूहून निघालेली तुकाराम महाराजांची पालखी आकुर्डीच्या मुक्कामाकडे जाताना निगडीतून जाते. भक्ती-शक्तीच्या शिल्पापाशी, जेथे शिवराय आणि तुकोबा समोरासमोर उभे आहेत, नगरातील माणसे दुतर्फा गर्दी करतात. कोणी पाणी देतो, कोणी केळी, राजगिऱ्याचे लाडू देतो, कोणी चालून सुजलेले पाय चेपून देतो. वारकऱ्याला त्या दिवशी कोणी गाव विचारत नाही, जात विचारत नाही, किती दिवस राहणार म्हणून विचारत नाही. २०२० च्या टाळेबंदीत याच महामार्गांवरून परप्रांतीय मजूर डोक्यावर बोचकी घेऊन, मुलांना खांद्यावर बसवून, उलट्या दिशेने आपापल्या गावांकडे चालत निघाले होते. तेव्हाही काही हातांनी अन्नाची पाकिटे पुढे केली. ते नाकारता येणार नाही. पण ती माणसे पुढे गेल्यावर आणि काही महिन्यांनी परत आल्यावर ती पुन्हा ‘हे लोक’ झाली.

रस्ता एकच आहे. चालणाऱ्याला वर्षातून एक दिवस पाणी देण्याची रीत निगडीला ठाऊक आहे, आणि ती शिकवायला अमेरिकन कादंबरीची गरज नाही. मजूर अड्ड्यावर सकाळी सात वाजता थैली घेऊन उभ्या असलेल्या मुलाला उरलेल्या दिवसांत आपण कोणत्या नावाने हाक मारतो, हे तपासायला मात्र ती उपयोगी पडेल. आमच्या शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी प्रतीकांवरचे टिपण जरूर लिहावे. लिहून झाल्यावर चौकापर्यंत एक फेरी मारून यावी आणि मग ते पुन्हा वाचून पाहावे.